बेडूक माशाच्या जवळचा की माणसाच्या? उत्क्रांतीचं झाड वाचायचं कसं

रानजाई | रात्री ९:१२

मंडळी, एका प्रश्नावरून आमच्या घरात दोन दिवस वाद चाललाय. मदत हवी आहे.

मुलगी दहावीला आहे. सरावाच्या प्रश्नांत उत्क्रांतीच्या झाडाची एक आकृती आली. एक लांब तिरकी रेघ, तिला फुटलेले फाटे, आणि शेंड्यांवर डावीकडून उजवीकडे नावं: मासा, बेडूक, सरडा, उंदीर, माणूस. खाली एका ओळीचा प्रश्न: बेडकाचं जवळचं नातं माशाशी की माणसाशी?

तिने बेधडक "मासा" लिहिलं. मीही तेच लिहिलं असतं. मागे उत्तर पाहिलं तर "माणूस". तेव्हापासून ती हटून बसली आहे. तिचं म्हणणं असं. आकृतीत बेडूक माशाच्या अगदी शेजारी आहे आणि माणूस पार दुसऱ्या टोकाला. शिवाय बेडकाचं पिल्लू पाण्यात असतं, कल्ल्यांनी श्वास घेतं, शेपटी हलवत पोहतं, मग ते माशासारखं नाही तर कोणासारखं? आणि माणूस सगळ्यात शेवटी आहे म्हणजे सगळ्यात पुढे गेलेला, बेडूक मागेच राहिला, माशाजवळ.

खरं सांगते, तिन्ही मुद्दे मला पटतात. उत्तर बरोबर असेल तर हे तिन्ही कुठेतरी चुकत असणार, पण नेमके कुठे ते मला दाखवता येत नाही. "पुस्तकात दिलंय म्हणून" असं मला तिला सांगायचं नाही.

पाणकावळा | रात्री १०:०५

रानजाईताई, उत्तर "माणूस" हेच बरोबर आहे. मी जीवशास्त्र शिकवतो. हा प्रश्न वर्गात विचारला की बहुतेक मुलं हीच तीन कारणं देतात. लेक विचार करून चुकली आहे, हे तिला आधी सांगा.

घटकाभर प्राणी बाजूला ठेवू. तुम्हाला सख्खा भाऊ जवळचा की चुलत? सख्खा. कशावरून? चेहरा मिळतो म्हणून नव्हे, तो चुलत भावाशीही मिळू शकतो. सख्खा भाऊ आणि तुम्ही आईवडिलांपाशीच एक होता. चुलत भावाशी एक व्हायला आजी-आजोबांपर्यंत जावं लागतं, त्याच्या पलीकडच्या भाऊबंदांसाठी पणजोबा, खापरपणजोबा. दोघांचा सामाईक पूर्वज जितका अलीकडचा तितकं नातं जवळचं. उत्क्रांतीच्या झाडातही नात्याचं माप हेच आहे, दुसरं नाही.

आता तिला आकृतीवर बोट ठेवायला सांगा. बेडकाच्या नावापासून निघून रेघेवरून खाली उतरायचं. पहिलं बेचकं लागेल तिथे थांबायचं. त्या बेचक्यातून जी दुसरी फांदी वर जाते, तिच्यावर कोण कोण आहे? सरडा, उंदीर आणि माणूस. मासा नाही. मासा गाठायचा तर आणखी खाली, पुढच्या बेचक्यापर्यंत जावं लागतं. वरच्या बेचक्यातला पूर्वज सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वीचा आणि खालचा सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे बेडूक आणि माणूस एकाच घरात होते तेव्हा माशांची वाट केव्हाच वेगळी झाली होती.

आणि बेडकाला सरडा, उंदीर, माणूस हे तिघंही सारख्याच अंतरावर आहेत. चुलत भावाची तिन्ही मुलं तुम्हाला सारखीच पुतणी लागतात, तसं.

ओंजळ | रात्री १०:२०

वाचनखूण साठवली. माझ्या मुलाचाही हाच घोळ आहे.

उभा_आडवा | रात्री १०:४१

बोटाने उतरायची रीत समजली, पण एक शंका. नावं कुठल्या क्रमाने लिहायची याला काहीतरी नियम असेलच ना? मासा पहिला आणि माणूस शेवटी हे उगाच कोणी लिहिणार नाही.

शेवंती_७ | रात्री ११:१८

उभा_आडवा, तसा काही नियम नाही. हे कागदावर सांगून पटत नाही, हाताने करून पाहिलं की पटतं. मी मुलांसाठी विज्ञानाची खेळणी बनवते, त्यातलं एक सांगते. रानजाईताई, लेकीबरोबर नक्की करून बघा.

बांबूच्या चार पातळ काड्या, शिवणाचा दोरा आणि जाड कागदातून कापलेले हे पाच प्राणी घ्या. पहिली काडी दोऱ्याने छताला टांगा. तिच्या एका टोकाला मासा. दुसऱ्या टोकाला प्राणी न लावता दोऱ्याने दुसरी काडी टांगा. तिच्या एका टोकाला बेडूक, दुसऱ्याला तिसरी काडी. तिसरीला एकीकडे सरडा आणि दुसरीकडे चौथी काडी. चौथीला उंदीर आणि माणूस. झुंबरासारखं दिसायला लागेल. प्राण्यांचे दोरे कमीजास्त लांब ठेवा, म्हणजे पाचही जण जमिनीपासून एकाच उंचीवर येतील. काडी कलंडली तर वरचा दोरा जड बाजूकडे थोडा सरकवा. आमचा मासा नेहमी हलका पडायचा, त्याच्या पाठीला एक मणी चिकटवला तेव्हा तोल साधला.

हे झाड उलटं आहे, मूळ वर आणि शेंडे खाली. वरून खाली काळ पुढे सरकतो, आणि सगळे प्राणी एकाच उंचीवर आहेत कारण सगळे आजचे आहेत.

आता हळूच फुंकर मारा. काड्या फिरतात. एकदा मासा डावीकडे, एकदा उजवीकडे. फिरता फिरता मासा, माणूस, उंदीर, सरडा, बेडूक अशी ओळ लागते. मासा माणसाला खेटून आणि बेडूक पार दुसऱ्या टोकाला! पण एकही गाठ सुटलेली नाही. कोण कोणाशी कुठे जोडलाय ते जसंच्या तसं आहे. चार काड्या, प्रत्येकीच्या दोन बाजू, म्हणजे हेच नातं कागदावर १६ वेगवेगळ्या ओळींत काढता येतं. चित्र काढणारा त्यातली एक निवडतो आणि आपण ती ओळच खरी मानून बसतो.

उभा_आडवा | रात्री ११:३०

१६! हे मला माहीतच नव्हतं. पटलं.

पण तिचा दुसरा मुद्दा अजून शिल्लक आहे. बेडकाचं पिल्लू माशासारखं दिसतं हे तर खरंच आहे ना. सारखेपणा मोजायचाच नाही म्हटलं तर झाड काढणार कशाच्या आधारावर?

मूळाक्षर | सकाळी ७:०२

यावर मी बोलू शकतो, कारण माझं काम जुन्या पोथ्यांचं आहे आणि आमच्याकडे अगदी हाच प्रश्न रोज असतो.

एका मूळ पोथीच्या नकला होतात, त्या नकलांच्या नकला होतात. मूळ पोथी हरवते आणि आपल्या हाती येतात शेवटच्या दहा-बारा प्रती. कोणती कोणावरून उतरवली हे ठरवायचं असतं. नवशिक्याला वाटतं, दोन प्रतींतल्या जास्तीत जास्त ओळी जुळल्या की त्या जवळच्या. तसं नाही. जो शब्द मुळातच होता तो कोणत्याही दोन प्रतींत सापडेल, त्यावरून काहीच कळत नाही. कळतं ते चुकांवरून. एका लेखनिकाने एक ओळ गाळली आणि तीच ओळ त्याच जागी आणखी दोन प्रतींत गाळलेली सापडली, तर त्या तिन्हींचं मूळ एक. जुना पाठ, म्हणजे मुळातले शब्द, सगळ्यांचा असतो. नातं दाखवतो तो नवा बदल, आणि तोही दोघातिघांत वाटून घेतलेला.

बेडकाच्या पिल्लाचे कल्ले आणि पोहायची शेपटी हा मला जुना पाठ वाटतो. चुकत असेन तर पाणकावळा सांगतील.

पाणकावळा | सकाळी ८:१५

मूळाक्षर, तंतोतंत. जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९५० साली हेच तत्त्व शास्त्रशुद्ध रीतीने मांडलं. १९६६ मध्ये ते इंग्रजीत आलं आणि त्यानंतर झाडं काढायची पद्धतच बदलली. जुनं साम्य सोडून द्यायचं आणि वाटून घेतलेलं नवेपण तेवढं धरायचं.

कल्ले आणि पोहायची शेपटी खालच्या बेचक्यातल्या पूर्वजाकडेही होती. बेडकाने ती बालपणापुरती ठेवली, आपल्या फांदीने सोडली. त्यावरून बेडूक माशाचा होत नाही. घरातली जुनी पितळी समई एका चुलत भावाकडे राहिली आणि दुसऱ्याने मोडीत काढली, म्हणून पहिला काही आजोबांचा सख्खा भाऊ ठरत नाही.

मग वाटून घेतलेलं नवं काय? ताई, लेकीला स्वतःचं मनगट चाचपायला सांगा. तळहाताच्या मुळाशी लहान लहान हाडांचा पुंजका लागतो आणि त्याच्या पुढे बोटं. बेडकाच्या पुढच्या पायात, सरड्याच्या पंजात, उंदराच्या पंजात हीच मांडणी आहे. माशाच्या परात मनगट नाही, बोटंही नाहीत, पातळ काटे आहेत. बेडूक माणसाबरोबर उभा आहे तो या मनगटाच्या आणि बोटांच्या जोरावर.

चुकीवरून नातं ओळखायचं आणखी नेमकं उदाहरण आपल्या पेशीतच आहे. बहुतेक सस्तन प्राणी सी जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवतात. त्यातली शेवटची पायरी करणारं एक जनुक आपल्यात मोडकळीला आलंय. डीएनएमध्ये त्याचे अवशेष आहेत, पण ते काम करत नाही. चिंपांझी, गोरिला, माकडं आणि टार्सियर (माकडांचा मोठ्या डोळ्यांचा छोटा नातलग) यांच्यातही ते मोडलेलं आहे. लेमूर या माकडांच्या दूरच्या नातलगात मात्र ते शाबूत आहे. म्हणजे लेमूरची फांदी वेगळी झाल्यावर आणि टार्सियर वेगळे होण्याआधी हा बिघाड झाला. गिनीपिगमध्येही तेच जनुक बिघडलंय, पण तिथे मोडतोड वेगळ्या ठिकाणी झाली आहे. दोन लेखनिकांनी एकच ओळ बिघडवली, पण प्रत्येकाने आपल्या परीने.

तिसरी_घंटा | सकाळी ९:४८

फार छान चाललाय धागा. मी एक भर घालतो. माणसाची गुणसूत्रं ४६, चिंपांझीची ४८. आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र दोन जुनी गुणसूत्रं टोकाला टोक जुळून तयार झालंय. मध्ये टोकांचे अवशेष दिसतात, शिवाय निकामी झालेला एक जादाचा मध्यबिंदूही. तर हा चिंपांझी आपला सगळ्यात जवळचा असल्याचा पुरावा म्हणून लेकीला दाखवता येईल.

पाणकावळा | सकाळी १०:३०

तिसरी_घंटा, माहिती अचूक आहे, पण निष्कर्ष तिथपर्यंत पोचत नाही. इथे जरा थांबतो, कारण ही गल्लत शिकलेली माणसंही करतात.

४८ गुणसूत्रं चिंपांझीत आहेत, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या बोनोबोत आहेत, गोरिलात आहेत, ओरांगउटानमध्येही आहेत. म्हणजे ४८ हा मूळाक्षर म्हणतात तसा जुना पाठ झाला. दोन गुणसूत्रांची जोड हा नवा बदल खरा, पण तो एकट्या माणसाच्या फांदीवर झाला. कोणी वाटूनच घेतला नाही, मग तो कोणाशी नातं दाखवणार? या सगळ्यांचं कूळ एक आहे हे त्यावरून उत्तम सिद्ध होतं, कारण जोडाच्या खुणा जिथे असायला हव्यात नेमक्या तिथेच सापडतात. पण चौघांत आपल्याला सगळ्यात जवळचा कोण, याबद्दल तो बदल गप्प आहे.

तिसरी_घंटा | सकाळी १०:४४

बरोबर. हे मी इतकी वर्षं तसंच सांगत आलो होतो. दुरुस्त करून घेतो. मग चिंपांझी जवळचा हे ठरलं कशावरून?

कोरांटी | दुपारी १:२०

मी विषाणूंच्या जनुकक्रमांची झाडं काढते, रोजचं काम हेच आहे, म्हणून उत्तर देते.

डीएनएची अक्षरं शेजारी शेजारी मांडून. सुरुवातीला प्रथिनांवर हे केलं जायचं. सायटोक्रोम सी नावाचं एक प्रथिन घ्या, माणसात त्याच्या साखळीत १०४ दुवे आहेत. चिंपांझीशी तुलना केली तर फरक शून्य. ऱ्हीसस माकडाशी एक, घोड्याशी १२, आणि यीस्टशी चाळिशीच्या वर. एकाच प्रथिनात नात्याची उतरंड दिसते. पण फरक शून्य असला की पुढचं काही ठरत नाही, म्हणून लांबलचक डीएनए लागतो. आज अख्खे जीनोम, म्हणजे एकेका जीवाचा सगळा डीएनए, मांडून पाहिल्यावर चित्र असं आहे: चिंपांझी आणि बोनोबो एकमेकांचे सख्खे, त्यांच्याशी माणूस सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी जुळतो, या तिघांशी गोरिला त्याच्या थोडं आधी आणि ओरांगउटान बरंच आधी.

लेकीला हेही सांगा: गोरिलाला विचारलं की तुला जवळचा कोण, चिंपांझी की माणूस, तर गोरिलाच्या लेखी दोघं सारखेच. दिसायला चिंपांझी त्याच्या कितीतरी जवळचा वाटतो, पण बेचकी तसं म्हणत नाहीत.

इतकं सरळ असतं तर आमचं काम एका दिवसात संपलं असतं. २०१२ साली गोरिलाचा जीनोम आला तेव्हा दिसलं की त्याचा सुमारे ३० टक्के भाग या झाडाशी जुळतच नाही. त्या भागांत गोरिला एकतर माणसाच्या जवळ जातो नाहीतर चिंपांझीच्या, तिथे माणूस आणि चिंपांझी एकमेकांच्या जवळ नाहीत. यात चूक कोणाचीही नाही. पूर्वज म्हणजे एक प्राणी नसतो, हजारो जणांचा कळप असतो, आणि त्या कळपात एकेका जनुकाची दोन-तीन रूपं एकाच वेळी फिरत असतात. फाटे पटापट फुटले तर कोणतं रूप कोणत्या फांदीत गेलं हा योगायोग ठरतो. म्हणून प्रत्येक जनुकाला स्वतःचं झाड असतं आणि प्रजातींचं झाड हा त्या सगळ्यांच्या साक्षी ऐकून दिलेला निवाडा असतो.

निवाडाही सोपा नसतो. मूळ धरून काढलेली झाडं तीन प्रजातींसाठी ३ प्रकारची होऊ शकतात, चारांसाठी १५, पाचांसाठी १०५. दहा प्रजाती घेतल्या की ३,४४,५९,४२५. संगणकही सगळी तपासत बसत नाही, हुशारीने शोधत जातो.

उभा_आडवा | दुपारी २:०५

तिसऱ्या मुद्द्यावर कोणीच बोललं नाही. माणूस पुढे गेलेला, बाकीचे मागे राहिलेले. आणि माणूस चिंपांझीपासून आला तर चिंपांझी अजून शिल्लक कसे, हा प्रश्न मला स्वतःला लहानपणापासून पडलेला आहे. कोणाला विचारला की लोक हसायचे.

पाणकावळा | दुपारी ३:३०

हसण्यासारखं त्यात काहीच नाही. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर शेवंतीताईंच्या झुंबरात आहे. माणूस चिंपांझीपासून आलेला नाही. तुमचा चुलत भाऊ हयात आहे म्हणून तुम्ही जन्मालाच कसे आलात, असं कोणी विचारत नाही. ६०-७० लाख वर्षांपूर्वीचा तो कळप चिंपांझींचाही नव्हता आणि माणसांचाही नव्हता. त्याच्या दोन फांद्या झाल्या आणि दोन्ही तितकाच काळ बदलत आल्या.

झुंबरात सगळे एकाच उंचीवर लटकतात त्याला हाच अर्थ आहे. आज जिवंत असलेला प्रत्येक जीव उत्क्रांत व्हायला सारखाच काळ मिळालेला आहे. मागे कोणी राहिलेलं नाही.

ऑस्ट्रेलियातल्या, बदकासारख्या चोचीच्या प्लॅटिपसला लोक "आदिम सस्तन" म्हणतात, कारण तो अंडी घालतो. अंडी घालणं हा जुना पाठ, तो त्याने जपला. पण त्याची फांदी सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली आणि तेवढ्या काळात तो नुसता बसून राहिला नाही. त्याची चोच गढूळ पाण्यात शिकारीच्या स्नायूंतली वीज ओळखते. नराच्या मागच्या पायाला विषारी नखर आहे. लिंग ठरवणारी गुणसूत्रं आपल्याकडे दोन, त्याच्याकडे दहा. त्याला आपल्या वाटेवरचा थांबा समजणं हा त्याच्यावर अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

शिडीचं हे चित्र जुनं आहे. जर्मन जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांनी १८७४ मध्ये ओक वृक्षासारखं झाड काढलं, जाड खोडाचं, आणि माणसाला शेंड्यावर बसवलं. ते चित्र फार देखणं आहे, म्हणूनच डोक्यातून जात नाही. डार्विनने १८३७ साली वहीत काढलेलं झाड मात्र झुडपासारखं होतं. मधलं खोड नाही, टोकाचा मानकरी नाही. वर लिहिलं होतं, "मला वाटतं". ज्या फांद्या आजपर्यंत पोचल्या त्यांच्या टोकाला आडवी रेघ, ज्या विझल्या त्या तशाच मोकळ्या सोडलेल्या.

ओंजळ | दुपारी ४:१०

मग पक्षी? मुलाच्या एका पुस्तकात पक्षी आणि सरपटणारे प्राणी वेगळे दिलेत, दुसऱ्यात पक्षी सरपटणाऱ्यांच्या आत.

पाणकावळा | दुपारी ४:४२

दुसरं पुस्तक बरोबर. मगर दिसते सरड्याच्या जातीची, पण मगरीचा जिवंत जवळचा नातलग पक्षी आहे. मगर आणि पक्षी यांचा सामाईक पूर्वज सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा, सरड्याची फांदी त्याच्याही आधी वेगळी झाली. सरड्याचं हृदय तीन कप्प्यांचं, मगरीचं चार कप्प्यांचं, पक्ष्याचंही चार. आपलंही चारच, पण ते आपल्या फांदीवर स्वतंत्रपणे घडलं. म्हणून एका खुणेवर भिस्त ठेवायची नसते.

"सरपटणारे" या गटात मगर, सरडा, साप, कासव घ्यायचे आणि पक्षी बाहेर ठेवायचे, हे म्हणजे एका आजोबांची सगळी नातवंडं फोटोत घ्यायची आणि एकीला वेगळा पोशाख आहे म्हणून बाजूला उभी करायची.

उभा_आडवा | संध्याकाळी ५:१५

याला मात्र माझा विरोध आहे. रोजच्या बोलण्यात "सरपटणारे प्राणी" हा शब्द उपयोगी आहे. थंड रक्ताचे, खवल्यांचे. शब्द काही फक्त वंशावळीसाठी नसतात.

पाणकावळा | संध्याकाळी ५:५०

मान्य आहे. "झुडूप" हाही उपयोगी शब्द आहे आणि झुडपांचं कूळ एक नाही. माझं म्हणणं एवढंच की राहणीवरून पाडलेला गट आणि रक्ताचा गट यांची सरमिसळ होऊ नये. बहिरी ससाणा घार-गरुडाच्या पंगतीत बसवला जायचा. वाकडी चोच, पंजे, शिकार, सगळं जुळतं. डीएनए पाहिल्यावर तो पोपटांच्या जवळचा निघाला. आणि अळंबीला आपण वनस्पतींत धरतो, पण बुरशी-अळंबीचं कूळ झाडांपेक्षा प्राण्यांच्या जवळ आहे.

कोरांटी | संध्याकाळी ७:००

विषय निघालाच आहे म्हणून, हे झाड खटल्यातल्या प्रश्नावरही कशी साक्ष देतं ते सांगते.

लिबियात बेंगाझीच्या एका बालरुग्णालयात १९९८ मध्ये ४०० हून जास्त मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचं उघड झालं. पाच बल्गेरियन परिचारिका आणि एका पॅलेस्टिनी डॉक्टरवर मुद्दाम लागण केल्याचा आरोप झाला, फाशीची शिक्षा झाली. हे सगळे मार्च १९९८ मध्ये तिथे कामाला आले होते. मुलांच्या रक्तातल्या विषाणूंचे जनुकक्रम घेऊन संशोधकांनी झाड काढलं. विषाणू झपाट्याने बदलतो, म्हणून फांद्यांची लांबी बघून बेचकी कोणत्या काळातली ते काढता येतं. त्या मुलांच्या विषाणूंचं मूळ बेचकं हे लोक येण्याच्या आधीच्या काळातलं निघालं. साथ आधीपासून तिथे होती. हे संशोधन डिसेंबर २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच महिन्यात फेरखटल्यात न्यायालयाने पुन्हा फाशीचीच शिक्षा दिली. पुढे राजकीय वाटाघाटी झाल्या आणि २००७ च्या जुलैमध्ये सगळे सुटले.

मी या क्षेत्रात आले ती हे वाचून. झाडाचं बेचकं किती वर्षांपूर्वीचं, हा प्रश्न मला तेव्हापासून कधीच कोरडा वाटला नाही.

मूळाक्षर | रात्री ८:२५

कोरांटीताई, एक विचारतो. आमच्याकडे कधी कधी लेखनिक दोन पोथ्या समोर ठेवून नक्कल करतो, अर्धा पाठ एकीचा आणि अर्धा दुसरीचा. मग झाड काढताच येत नाही. जीवांमध्ये असं होतं का?

कोरांटी | रात्री ८:५८

होतं, आणि सर्रास. जिवाणू एकमेकांना जनुकं थेट देतात, आईकडून लेकीकडे न जाता शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे. औषधांना दाद न देण्याची क्षमता अशीच पसरते. तिथे झाडापेक्षा जाळं म्हणणं योग्य. आपल्या पेशीतली ऊर्जा बनवणारी मायटोकाँड्रिया ही मुळात स्वतंत्र जिवाणूंची वंशज आहेत, म्हणजे आपल्या झाडाच्या बुडाशीच दोन फांद्या एकमेकींत शिरल्या आहेत. आणि अगदी अलीकडचं म्हणजे निअँडरथल, आपले नामशेष झालेले मानव भाऊबंद. २०१० मध्ये त्यांचा जीनोम वाचल्यावर कळलं की आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांत त्यांचा साधारण २ टक्के वाटा आहे. वेगळ्या झालेल्या फांद्या पुन्हा भेटल्या होत्या. मोठ्या प्राण्यांत हे कमी होतं, म्हणून तिथे झाड टिकून राहतं.

रानजाई | तीन दिवसांनी, रात्री ९:३५

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद आम्ही दोघींनी मिळून वाचला, मनगट चाचपून पाहिलं, आणि काल झुंबर केलं. शेवंतीताई, आमचाही मासा हलकाच पडला, त्याला बटण लावलं.

पंखा एकावर ठेवला आणि ती खाली चटईवर आडवी होऊन बघत राहिली. थोड्या वेळाने मासा फिरत माणसाशेजारी आला, तेव्हा स्वतःच म्हणाली, "आई, शेजारी आले पण गाठ तीच आहे." मग उठून बेडकापासून दोऱ्यावरून बोट वर नेलं, काडीपाशी थांबली आणि दुसऱ्या टोकाखालचे तिघं मोजले. मी काही बोलले नाही.

आता तिला देवमासा जोडायचा आहे. माशाच्या काडीला नाही, हे तिने स्वतः सांगितलं, कारण तो पिलांना दूध पाजतो. पण उंदराजवळ की माणसाजवळ, तिथे आम्ही अडलोय.

पाणकावळा | रात्री १०:१०

दोघांच्या वर. उंदीर आणि माणूस एकमेकांना देवमाशापेक्षा जवळचे आहेत. सरड्याची काडी आणि उंदीर-माणसाची काडी यांच्या मध्ये एक नवी काडी घाला. तिच्या एका टोकाला देवमासा, दुसऱ्याला उंदीर-माणसाची जुनी काडी.

देवमाशाला जोडीदार हवा असेल तर पाणघोडा द्या. जिवंत प्राण्यांत देवमाशाचा सगळ्यात जवळचा नातलग तोच. आधी पाणघोडा डुकरांबरोबर धरायचे. १९९० च्या दशकात डीएनएमध्ये नेमक्या त्याच जागी घुसलेले तुकडे देवमासा आणि पाणघोडा या दोघांत सापडले. २००१ मध्ये जुन्या, पाय असलेल्या देवमाशांच्या घोट्याची हाडं मिळाली, दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असलेली. गाय, हरीण, पाणघोडा यांच्या गटातल्या प्राण्यांच्याच घोट्यात असं हाड असतं.

रानजाई | रात्री १०:२८

पाकिसीटस म्हणून एक नाव तिने शोधून काढलंय. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा, चार पायांचा, पाकिस्तानात सापडलेला. तो देवमाशाच्या दोऱ्यातच मध्ये ओवायचा का?

पाणकावळा | रात्री १०:४०

दोऱ्यात ओवू नका. तो थेट पूर्वज होता असं कोणी म्हणू शकत नाही, पूर्वजांचा जवळचा भाऊबंद म्हणणं बरोबर. देवमाशाच्या दोऱ्याला पाणघोड्याच्या गाठीच्या खाली एक छोटी काडी बांधा आणि तिला त्याला लटकवा. दोरा आखूड ठेवायचा. तो आजपर्यंत पोचलेला नाही.

रानजाई | रात्री ११:१५

झालं. पाकिसीटस बाकीच्यांच्या बराच वर लटकतोय आणि त्याच्याखाली मोकळी जागा आहे. ती म्हणते तिथे काही लावायचं नाही. आता डायनोसॉरसाठी काड्या कापायला बसली आहे, आणि पक्षी त्यांच्या बाजूला नाही, आत येणार म्हणून मगरीची जागा आधी ठरव असं मलाच सांगते आहे.